न दुखणारी गाठ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कराडला माझं सलून आहे. एकतीस वर्षं लोकांच्या माना हाताखालून जातायत. स्वतःच्या मानेची मागची बाजू कुणालाच दिसत नाही, ती मला दिसते.

गाठ लागली की विचारतो, "ही कधीपासून?" उत्तर ठरलेलं: "दुखत नाही ना, मग राहू दे." दुखरी असेल, केसतोड पिकलेलं असेल, तर माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पळतो. न दुखणारी वर्षानुवर्षं सांभाळतो.

न दुखणारी प्रत्येक वाईटच, असंही नाही. माझ्या दंडावर लिंबाएवढी चरबीची गाठ बारा वर्षं आहे. मऊ, बोटाखाली सटकणारी. सर्जन म्हणाले, असू द्या. वाढायला लागली, कडक झाली किंवा पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली तर या. पाठीवरच्या गाठीला मधोमध काळा ठिपका असेल तर ती पिळू नये. आतली घाण निघते, पिशवी राहते आणि पुन्हा भरते. एका गिऱ्हाइकाने ती बायकोकडून सुईने फोडून घेतली. पुढे महिनाभर त्याला खुर्चीत पाठ टेकता येईना.

पण 2022 मधला एक कॉलेजचा मुलगा विसरत नाही. कानाखाली तीन गाठी, एकमेकींना चिकटलेल्या, घट्ट. वरची कातडी काळी पडलेली, कारण आजीने बिब्बा घातला होता. गंडमाळ आहे, उतरेल म्हणे. गालावर वस्तरा फिरवताना हाताला कळलं, पोरगं वाळलंय. संध्याकाळी कसकस येते, असंही बोलला. वडिलांना दुकानात बोलावून घेतलं. त्यांना भीती एकच, सुई टोचली की गाठ पसरते. तसं काही नसतं. सरकारी दवाखान्यात सुईने गाठीतलं काढून तपासलं, टीबी निघाला. छातीत नाही, गाठीतच. सहा महिने गोळ्या, फुकट. मध्येच गाठी आणखी फुगल्या, तेव्हा घरचे गोळ्या बंद करायला निघाले. डॉक्टरांनी बसवून समजावलं, की औषध लागू पडत असतानाही असं होतं. नुसत्या गाठीतला टीबी खोकल्यातून पसरत नाही, हे कळेपर्यंत त्याचं ताटही वेगळं होतं.

घसा किंवा दाढ दुखून आलेली मानेतली गाठ बहुधा दोन-तीन आठवड्यांत बसते. नाही बसली, किंवा हाडाला चिकटल्यासारखी हलेना, तर दाखवावी. गळपट्टीच्या हाडाच्या वर आली तर थांबूच नये. बायकांच्या छातीतली गाठही लागल्याबरोबर दाखवावी. तिथे माझा हात नाही, पण घरात बायको-मुली आहेत.

आता तक्रार तुमच्याकडेच. शेवटच्या पानावर 'ऑपरेशनशिवाय गाठ विरघळवा' असल्या तेलाच्या छोट्या जाहिराती येतात. माझ्या दुकानात तुमचाच पेपर असतो, आणि त्या जाहिराती गिऱ्हाइकं फाडून नेतात. तेवढ्या बंद करता आल्या तर बघा.

आपला,
एक सलूनवाला, कराड