मागणीपत्र कुठे अडते, तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा पुढे गेली, निकाल लांबला की मुलांचा आणि पालकांचा राग महाराष्ट्र लोकसेवा आयोगावर निघतो. त्यातला बराचसा रास्त आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पूर्वपरीक्षेची 25 तारीख बँकेच्या परीक्षेच्याच दिवशी आली. मुलांना पुण्यात रस्त्यावर बसावे लागले, तेव्हा कुठे ती परीक्षा 1 डिसेंबरवर गेली. पण दोष कोणाचा किती, हे नीट पाहायला हवे. मी एका खात्याच्या प्रादेशिक कार्यालयात आस्थापनेचे टेबल नऊ वर्षे सांभाळले, त्या अनुभवावरून लिहितो.

आयोग स्वतःहून एकही जागा काढू शकत नाही. राज्यघटनेच्या 320 व्या कलमाने त्याला परीक्षा घेण्याचे काम दिले आहे. जागा किती भरायच्या, हे सरकार ठरवते. जाहिरात निघण्याआधी खात्याला रिक्त पदे मोजावी लागतात, बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची याचा क्रमवार तक्ता, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, महिला, खेळाडू, माजी सैनिक, दिव्यांग यांचे समांतर आरक्षण प्रवर्गनिहाय बसवावे लागते. मग ‘एवढी पदे भरा’ असे सांगणारे मागणीपत्र मंत्रालयातून आयोगाकडे जाते. खेळाडूंचे एक पद कोणत्या प्रवर्गात धरायचे, एवढ्यावरून आमचा प्रस्ताव एकदा परत आला. तो दुरुस्त होऊन पुन्हा वर जायला सात महिने लागले. कोणी मुद्दाम अडवला असेही नाही. सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली, नवीन साहेबांकडे दुसऱ्या जिल्ह्याचा अतिरिक्त कार्यभार होता, आणि फाईल कपाटात राहिली. त्या सात महिन्यांचा जाब आम्हाला कोणी विचारला नाही. जाहिरात उशिरा आली म्हणून शिव्या खाल्ल्या त्या आयोगाने.

परीक्षेनंतरही हेच. आयोग फक्त शिफारस करतो, नेमणुकीचा आदेश सरकार काढते. 2019 च्या राज्यसेवेचा निकाल जून 2020 मध्ये लागला आणि त्यातले चारशेहून अधिक उमेदवार वर्षभर नेमणुकीविना घरी बसून राहिले. मराठा आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता हे खरे, पण उपजिल्हाधिकारी म्हणून गावात मिरवणूक निघालेल्या मुलाने वर्षभर शेजाऱ्यांना काय सांगायचे?

सदस्यांच्या नेमणुकाही राज्यपाल करतात, म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होतात. आयोगावर अध्यक्ष धरून सहा जण असावेत. 2021 मध्ये त्यातल्या निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलाखतीच्या मंडळावर आयोगाचा सदस्य बसतो. सदस्यच नसतील तर मंडळे किती बसणार? त्याच वर्षी जूनअखेर, मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने पुण्यात आयुष्य संपवले. त्यानंतर सरकारला रिकाम्या खुर्च्या आठवल्या. सदस्य बासष्टाव्या वर्षी किंवा सहा वर्षांनी निवृत्त होतो, ही तारीख नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. मग त्याच्या जागी येणारा माणूस आधीच का ठरू नये?

घटनाकारांनी या संस्थेला फार विचार करून संरक्षण दिले आहे. सदस्याला मुख्यमंत्री काढू शकत नाहीत. गैरवर्तनाचा ठपका असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीनंतर राष्ट्रपतीच काढू शकतात. आयोगाचा खर्च राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे, त्यावर सभागृहात मतदान होत नाही. म्हणूनच गट क च्या, म्हणजे कारकुनासारख्या पदांच्या भरतीत खासगी कंपन्यांच्या परीक्षांचा अनुभव घेतलेली मुले आजही म्हणतात, ‘सगळे आयोगाकडे द्या.’ 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेचा पेपर फुटला, म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द करावी लागली. मुलांची ही मागणी मला पटते. पण काम वाढवायचे तर माणसेही वाढवावी लागतील. केरळमध्ये कारकुनापासून अनेक पदे लोकसेवा आयोगच भरतो, पण तिथे आयोगावर वीसहून अधिक जण आहेत. आपण सहा जणांवर, त्यातल्याही काही जागा रिकाम्या ठेवून, तेवढाच भार टाकणार असू तर उद्या मुलांचा उरलासुरला विश्वासही जाईल.

माझे सांगणे एवढेच, की प्रत्येक विभागाने मागणीपत्र कधी पाठवले, आयोगाने त्रुटी काढून कधी परत केले, ते पुन्हा कधी गेले, या तीन तारखा लोकांना दिसाव्यात. आयोगाचा वार्षिक अहवाल 323 व्या कलमानुसार विधिमंडळापुढे येतोच. त्यालाच हे कोष्टक जोडता येईल. आणि विलंब खात्याचा असेल तर तेवढे महिने उमेदवाराच्या वयात सवलत म्हणून मिळावेत. कोरोनानंतर दोन वर्षांची सवलत दिलीच होती, तेव्हा हे अशक्य नाही.

वयाची गणना जाहिरातीत दिलेल्या दिनांकाला होते. माझी भाची खुल्या प्रवर्गातली, तिथे वयाची मर्यादा अडतीस, आणि तिला येत्या एप्रिलमध्ये अडतीस पूर्ण होतील. ती ज्या पदासाठी अभ्यास करते त्याचे मागणीपत्र अजून मंत्रालयातच आहे, असे तिला अभ्यासिकेत कळले. ते मार्चमध्ये गेले काय नि मेमध्ये गेले काय, पाठवणाऱ्याला काही फरक पडणार नाही. तिला पडेल.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, औसा (जि. लातूर)