रविवारी सागरगड : येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा

मंडळी, येत्या रविवारी सागरगड नक्की. सकाळी 6:30 ला अलिबाग एसटी स्टँडवर भेटू. पेण रस्त्यावर खंडाळे गावाला उतरून चालायला सुरुवात. ऊन चढायच्या आत सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत पोचायलाच हवं, म्हणून उशिरा येणाऱ्यांसाठी थांबता येणार नाही.

देवळापर्यंतची चढण दमवते, पुढे माचीपर्यंत वाट सोपी आहे. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी दिलेल्या 23 किल्ल्यांपैकी हा एक. हवा स्वच्छ असेल तर माथ्यावरून कुलाबा आणि खांदेरी-उंदेरी हे समुद्रातले किल्ले दिसतात. ते बघायला तरी याच!

एक कळकळीची विनंती. वानरटोकाचा सुळका समोर दिसला की सगळे फोटोसाठी कड्याकडे धावतात. तिथे सुकलेल्या गवताखाली मुरूम असतो आणि पाय सटकतो. कड्यापासून चार हात लांबच राहा, मुलांचा हात सोडू नका.

प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, चांगल्या पकडीचे बूट. चप्पल चालणार नाही. दुपारचं जेवण माचीवरच्या घरी सांगायचंय, पिठलं-भाकरी. त्या माऊलींना ऐनवेळी आकडा बदलून सांगणं बरं नाही, तेव्हा नाव दिलं की यायचंच. प्लास्टिक परत आपल्याच सॅकमध्ये. अंधार पडायच्या आत खाली उतरू.