वुपरटालहून, दत्त्यास

वुपरटाल, जूनअखेर

प्रिय दत्त्या,

स. न. वि. वि. हसू नकोस. आठवीत या चार अक्षरांना एक मार्क असायचा आणि तू तो दर वेळी घालवायचास.

परवा फोनवर तू म्हणालास, ‘रोज फोटो टाकतोस, पण तिथं नेमकं काय चाललंय ते काय कळत नाय.’ बरोबर आहे तुझं. फोटोत हे गाव येतच नाही. चार-पाच वेळा तुला लांबलचक मेसेज लिहिला आणि खोडला, म्हणून आज सरळ कागद घेऊन बसलो. बाहेर पाऊस आहे. पण इथे पाऊस आहे म्हणणं म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ऊन आहे म्हणण्यासारखंच. इथली पोरं जन्माला येतानाच छत्री घेऊन येतात, असं इथलेच लोक सांगतात.

एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. इंटर्नशिपचं पत्र आलं त्या रात्री मला रडू आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. मी म्युनिक टाकलं होतं, बर्लिन टाकलं होतं, आणि निघालं वुपरटाल. घरी सगळ्यांना ‘जर्मनी’ एवढंच सांगितलं. पुढे कोणी विचारलंही नाही. तूच एकटा म्हणालास, ‘वुपर काय? खालपर नाय का कुठं?’

उतरलो तेव्हा गाव अगदी पडवळासारखं दिसलं. मधे वुपर नावाची नदी, आपल्या कालव्यापेक्षा थोडी रुंद, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, आणि त्या चिंचोळ्या दरीत पसरत गेलेलं लांबच लांब शहर. मुळात ही वेगवेगळी गावं. एल्बरफेल्ड आणि बार्मेन ही त्यातली दोन मोठी. 1929 साली आजूबाजूची गावं धरून सगळ्यांचं एक शहर केलं आणि पुढच्या वर्षी त्याला नदीवरून वुपरटाल, म्हणजे वुपरची दरी, असं नाव दिलं. पण सांगली-मिरजेच्या माणसाला महापालिका एक झाली म्हणून काय फरक पडतो? माझ्या घरमालकीणबाई आजही स्वतःला एल्बरफेल्डच्याच म्हणवतात. 1943 च्या बॉम्बहल्ल्यांत दोन्हीकडचा मोठा भाग जळाला आणि नंतर घाईघाईने काँक्रीट उभं राहिलं. त्यामुळे स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या कोणी प्रेमात पडावं असं हे गाव नाही.

पहिल्याच रविवारी मी रिकाम्या बरण्या नेऊन रस्त्यावरच्या, जुनी काच गोळा करायच्या पेटीत टाकल्या. खळ्ळ, खळ्ळ. तिसऱ्या बरणीला वरच्या खिडकीतून एक गृहस्थ ओरडले. मला वाटलं, चुकीच्या रंगाच्या पेटीत टाकली. तर तसं नाही. रविवारी आवाज करायचा नाही! मी उरलेल्या दोन बरण्या पिशवीत घालून, त्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मांजरासारखा पावलं टाकत घरी आलो. त्या रात्री परतीच्या तिकिटाचे दिवस मोजले होते.

आता मुद्द्याचं. इथे एक रेल्वे आहे, तिचं नाव श्वेबेबान. श्वेबेन म्हणजे तरंगणं. रूळ वर आणि डबा खाली लोंबकळतोय. एकच रूळ, त्यावर चाकं आणि चाकांना टांगलेली गाडी. नदीच्या दोन्ही काठांवर पाय रोवून लोखंडी कमानी उभ्या आहेत, एकामागे एक, मैलोन् मैल. सिव्हिलच्या माणसाने नुसतं बघत बसावं. दरी इतकी अरुंद आणि काठाला गिरण्या, घरं इतकी दाटलेली, की खाली रूळ टाकायला जागाच नव्हती. मग नदीच्या डोक्यावरची मोकळी हवा वापरली. 1 मार्च 1901 ला ही सुरू झाली. आपल्याकडे बार्शी लाइटची गाडी पंढरपुरात पोचायला अजून पाच वर्षं होती. एकूण 13.3 किलोमीटर, 20 स्टेशनं. त्यातले दहा किलोमीटर नदीवरून, आणि फोविंकलच्या बाजूचा तुकडा चक्क रस्त्यावरून, दुकानांच्या पाट्यांच्या वरून.

वळणावर डबा बाहेरच्या बाजूला झुलतो. स्टेशनात थांबल्यावरही माणसं चढली-उतरली की हलकेच डुलतो, झोळीतल्या पोरासारखा. पहिल्या आठवड्यात मी दांडा घट्ट धरून उभा असायचो. दांडा कधी सुटला ते आठवत नाही. मे संपता संपता एकदा लक्षात आलं की वळण यायच्या आधीच माझा डावा पाय आपोआप पुढे सरकलाय. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांचाही सरकला होता. पेपर वाचता वाचता, मान वर न करता. तेवढ्या एका गोष्टीने मला इतकं बरं वाटलं की मी माझं स्टेशन सोडून पार ओबरबार्मेनपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

खाली नदी दिसत राहते. आता पाणी नितळ आहे, दगड दिसतात, एखादा राखी बगळा उभा असतो. पण एके काळी ही लाल वाहायची. मार्क्सचा जोडीदार एंगल्स इथला, बार्मेनचा, 1820 चा जन्म, बापाची कापसाची गिरणी. 1839 मध्ये, म्हणजे आपल्यापेक्षाही लहान असताना, त्याने वर्तमानपत्रात या दरीबद्दल लिहिलं होतं आणि सुरुवातीलाच नदीचा तो लाल रंग सांगितला होता. कसला रंग? तर कापड रंगवायच्या कारखान्यांतलं सांडपाणी. मला इचलकरंजी आणि पंचगंगा आठवली. चंद्रभागा तर आठवलीच. इथल्या बगळ्याकडे बघून थोडा रागही येतो, खरं सांगू का? पण तो विषय वेगळा, भेटल्यावर भांडू.

माझं काम काय आहे हे तुझ्या आईला तू ‘माणसं मोजतो’ असं सांगितलंस म्हणे. खोटं नाही ते. युनिव्हर्सिटी डोंगरावर आहे आणि इथे आग लागली, गर्दी झाली तर माणसं बाहेर कशी पडतात यावर बरंच काम चालतं. मोठ्या हॉलमध्ये प्रयोग करतात. लोकांना दारातून, बोळातून, जिन्यावरून चालवतात आणि छतावरच्या कॅमेऱ्याने चित्रण घेतात. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी आणि टोपीवर ठिपका. सॉफ्टवेअर त्या ठिपक्याचा माग काढतं. जिथे त्याला ठिपका सापडत नाही, म्हणजे कोणी मान खाली घातली किंवा दोन डोकी फार जवळ आली, तिथे मी हाताने दुरुस्ती करतो. सेकंदाच्या पंचवीस चित्रांत, एकेक डोकं. पहिल्या दिवशी वरून त्या टोप्यांची रांग बघितली आणि मोठ्याने हसलो. सरांनी विचारलं काय झालं. आता ‘दिंडी’ जर्मनमध्ये कशी सांगायची?

मग सांगावंच लागलं. पंढरपूर, आषाढी, दर्शनबारी, आमच्या घरात त्या चार दिवसांत उतरणारी दिंडी, अंगणातल्या चुली आणि माझी माळ्यावर झोपायची जागा. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक जुना शोधनिबंध काढून दिला. 2009 चा आहे. भारतात आणि जर्मनीत एकसारखीच अंडाकृती वाट आखून लोकांना एकामागे एक चालायला लावलं. मोकळेपणी माणूस सेकंदाला साधारण 1.3 मीटर चालतो आणि दाटी वाढली की वेग पडतो, हे सगळीकडे सारखंच. पण दाटीत भारतीयांचा वेग जर्मनांइतका घटला नाही! आपल्याला पुढच्या माणसापासून कमी अंतर पुरतं. शिस्तीत चालणाऱ्यांपेक्षा आपण बिनशिस्तीचे जास्त भराभर सरकतो, असं आलेखात आलंय. दत्त्या, आयुष्यभर आपल्याला ‘लायनीत उभं राहा’ म्हणून ओरडणाऱ्या सगळ्या मास्तरांना हा कागद पाठवायचा आहे.

पण हे हसण्यावारी नेण्याचं काम नाही. इथून जवळच डुइसबुर्गमध्ये 24 जुलै 2010 ला एका संगीतोत्सवाच्या गर्दीत 21 जण गेले. आपल्याकडे 2005 ची मांढरदेवी. त्यातल्या एका प्रसंगाचा अहवाल मी इथे बसून वाचला. आपण चेंगराचेंगरी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे पळणारी, पायांखाली तुडवली जाणारी माणसं येतात. बऱ्याचदा तसं नसतं. माणसं उभ्याउभ्याच जातात. चहूबाजूंनी दाब इतका येतो की छाती फुगत नाही, श्वास घेता येत नाही. मागच्याला पुढे काय झालंय ते कळत नाही आणि तो ढकलत राहतो. नववीत तू मला महाद्वारात कॉलर धरून ओट्यावर खेचून घेतलं होतंस ना, आणि मी ‘शर्ट फाडलास’ म्हणून तुझ्याशी दोन दिवस बोललो नव्हतो? तो शर्ट माझ्याकडून माफ.

राहतो ओलबेर्गवर. खाली शहरात विजेचे दिवे आले तरी या डोंगरावरची गरीब वस्ती कितीतरी दिवस तेलाच्या दिव्यांवरच होती, म्हणून हे नाव, असं सांगतात. इथे गल्ल्यांपेक्षा जिने जास्त. शहरभर असे शेकड्यांनी सार्वजनिक जिने आहेत. त्यातल्या एकाचं नाव टिप्पेन-टाप्पेन-ट्योन्शेन. लाकडी बूट घालून कामगार चढायचे-उतरायचे, त्या आवाजावरून पडलेलं. आवाजावरून नाव पडलेला जिना! मी तो रोज चढतो आणि माझ्या बुटांचा तसा आवाज येत नाही याचं उगाच वाईट वाटतं.

घरमालकीणबाई ब्याऐंशी वर्षांच्या. इथेही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, आणि ‘तू’ म्हणायचं का हे मोठ्यांनी ठरवायचं. धाकट्याने आपण होऊन सुरुवात करायची नाही. दीड महिना आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. मागच्या रविवारी त्यांनी मला वॅफल्सना बोलावलं. सोबत गरम चेरी, साय, आणि दुधात शिजवलेला गोड भात, वर साखर-दालचिनी. मी भाताचा पहिला घास घेतला आणि म्हणालो, ‘हा तर दूधभात. आमच्याकडे आजारी माणसाला देतात.’ त्या खूप हसल्या. मग कपात कॉफी ओतत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आता ‘तू’ म्हण. मला अजून जमत नाही, लेका. ‘तू’ म्हणायला जातो आणि आमची आजी डोळे वटारून समोर उभी राहते. ‘अगं’ला इथे शब्दच नाही, नाहीतर निभावलं असतं.

परवा ड्युसेलडॉर्फहून एक पोरगा आला होता, आमच्याच बॅचचा इंटर्न. कँटीनमध्ये म्हणाला, ‘कसलं उदास गाव आहे हे, तू तीन महिने कसा काढतोयस?’ बरोबर तेच, जे मी मेमध्ये तुला फोनवर बोललो होतो. आणि मी त्याच्याशी भांडलो! त्याला पावसात तासभर जिने चढवले, वरून सगळी दरी दाखवली, श्वेबेबानमध्ये मागच्या खिडकीशी उभा केला. गाडीत तो दांडा घट्ट धरून होता. मी हात खिशात घालून उभा होतो. जरा जास्तच झालं ते, कबूल आहे.

परतीचं विमान जुलैच्या शेवटी आहे. आता दिवस मोजत नाही असं नाही, पण उलट्या बाजूने मोजतो.

आणि एकादशी आता आठ दिवसांवर आली. जन्मल्यापासून पहिली आषाढी मी गावात नाही. आई म्हणाली, ‘या वर्षी माळा रिकामा राहील.’ मी म्हटलं, माळ्यावर दिंडीतल्या कोणाला तरी झोपव, तर म्हणाली, ‘बघू.’ झोपवणार नाही ती.

तुझ्याकडे एक काम आहे. दशमीला दुपारी, प्रदक्षिणेच्या रस्त्यावर दिंड्या सुरू झाल्या की दुकानाच्या माडीवरून, कठड्याला मोबाइल बांधून, सरळ खाली रस्त्याकडे तोंड करून दहा मिनिटांचं चित्रण कर. तिरकं नको. सरांना आलेख काढून बघायचाय. चेहरे दिसायला नकोत, नुसती डोकी. तुझे काका बुक्का विकत ओरडतील, ओरडू देत. आमच्या कामाला आवाज लागत नाही. तरी तू आवाज बंद करू नकोस.

तुझाच,
वुपरवाला

ता. क. सोबत एक पोस्टकार्ड आहे, ते आजीला दे. गाडीतून नदीत उडी मारणारी हत्तीण. फोटो जुळवून केलेला आहे, पण गोष्ट खरी. 21 जुलै 1950 ला सर्कसवाल्यांनी जाहिरातीसाठी तूफी नावाच्या लहान हत्तिणीला श्वेबेबानमध्ये चढवलं. ती बिथरली आणि भिंत फोडून खाली वुपरमध्ये पडली. थोडं खरचटलं, एवढंच. पुढे 1989 पर्यंत जगली. घरमालकीणबाईंना विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होता? म्हणाल्या, घरी, गोवर निघाला होता. त्यांच्या वयाचं गावातलं प्रत्येक माणूस सांगतं की मी तिथेच होतो, मी बघितलं. आपण नव्हतो असं सांगणाऱ्या या एकट्याच.

मी मात्र गावात आल्यावर सांगणार आहे की मी होतो.