सामाईक सातबाऱ्यात अडकलेलं कोकण

महोदय,

आर्थिक सुधारणा म्हटलं की सगळे 1991 च्या उदारीकरणावर आणि जीएसटीवर बोलतात, ते महत्त्वाचं आहेच, पण जमिनीचं काय? आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस नावं असतात, निम्मी माणसं मुंबईला, काहीजण वारलेत तरी वारसनोंद नाही, मग बँक कर्ज देत नाही आणि गावात राहून काजूचं प्रोसेसिंग युनिट टाकू बघणारा पोरगा संमत्या गोळा करत फिरतो आणि शेवटी कंटाळून तोपण मुंबईची गाडी पकडतो. इथे वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन पडीक आणि कच्चा काजू आपण आफ्रिकेतून आणतो, हे बघून खरंच जीव तुटतो.

देशातले सुमारे 45 टक्के कामकरी शेतीत आहेत आणि उत्पन्नात शेतीचा वाटा 20 टक्क्यांच्या आत, म्हणजे माणशी उत्पादन किती कमी ते बघा. व्हिएतनामने 1986 ला सुधारणा सुरू केल्या आणि 1993 च्या कायद्याने शेतकऱ्याला जमीन वापरायचा हक्क दुसऱ्याला देता येईल, गहाण ठेवता येईल अशी मोकळीक दिली. कारखाने, एक्सपोर्ट हे सगळं तिकडे वाढलंच, पण जमीनपण सोबत मोकळी केली.

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदार वाटप करून देतात, पण सगळ्या खातेदारांची संमती जमवण्यातच वर्षं जातात. सरकारने गावोगावी वाटपाचे आणि वारसनोंदीचे कॅम्प लावावेत, तेही गणपतीत, कारण तेव्हाच सगळे चाकरमानी गावी असतात.

- एक बागायतदार, राजापूर