सोपो कमी झाला, मग गेम स्वस्त का नाही झाला?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांवर लेख आला होता. स्टीमची मक्तेदारी मोडली, दुकानं वाढली, आता गिऱ्हाइकाची चंगळ, असा एकंदर सूर. लेख चांगला आहे, गेम म्हटलं की कपाळाला आठ्या घालणाऱ्या माझ्या वडिलांनीसुद्धा शेवटपर्यंत वाचला, पण ती चंगळ नेमकी कुणाची झाली हे काही त्यात सापडलं नाही म्हणून लिहायला बसलो. मी वेर्ण्याला शिफ्टमध्ये काम करतो, राहायला कुर्टीला, घरी येऊन जेवलो की तास-दीड तास गेम खेळतो. तज्ज्ञ वगैरे नाही, पण या दुकानांत पैसे माझ्या खिशातले जातात, तेवढ्यापुरता बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी हिशेब बघू. स्टीमवर गेम विकला गेला की स्टीमची मालक वाल्व्ह कंपनी पहिल्यापासून 30 टक्के कापून घेते. 2018 च्या डिसेंबरात एपिक गेम्स स्टोअर आलं, त्यांनी जाहीर केलं की आम्ही फक्त 12 टक्के घेणार. गंमत म्हणजे एपिकने तोंड उघडायच्या थोडे दिवस आधीच वाल्व्हने आपले दर बदलले, एखाद्या गेमची विक्री 1 कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर 25 टक्के, 5 कोटींच्या वर गेली की 20. म्हणजे ज्यांचं पोट आधीच भरलंय त्यांना सवलत, आणि दोन-तीन पोरं मिळून खोलीत बसून गेम बनवतायत त्यांना तेच 30. इथपर्यंत मी एपिकच्या बाजूचा, उघड सांगतो.

आता हे आपल्या भाषेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलच्या मिरच्या घेऊन बसणाऱ्या बाईला सोपो, म्हणजे बाजारात बसायची पट्टी, द्यावा लागतो. समजा पलीकडे कुणी नवीन बाजार उघडला आणि तिला म्हणाला, बाय, माझ्याकडे सोपो निम्म्याहून कमी, वर तुझा वर्षाचा माल विकला जाईल याची हमी म्हणून रोख रक्कम आत्ताच घे, अट एकच, वर्षभर म्हापशाच्या बाजारात बसायचं नाही. बाई हो म्हणाली तर तिला कोण दोष देईल? मी तरी देणार नाही. पण मिरच्या घ्यायला आलेल्या माणसाने विचारायला नको का की सोपो कमी झाला तर मिरची किती स्वस्त केलीस? ती त्याच भावाने विकली जातेय, आणि त्याला मात्र आता पायपीट करून दुसऱ्या बाजारात जावं लागतंय.

नेमकं हेच झालं. 3000 रुपयांचा गेम धरा. 30 टक्क्यांनी 900 रुपये दुकानाला, 12 टक्क्यांनी 360. मधले 540 रुपये कुठे गेले? बहुतेक वेळा गेम काढणाऱ्या कंपनीकडे. मेट्रो एक्सोडस नावाचा गेम 2019 च्या फेब्रुवारीत यायचा होता, स्टीमवर लोकांनी आगाऊ बुकिंगसुद्धा केलं होतं, आणि रिलीजला थोडे दिवस राहिलेले असताना जानेवारीत जाहीर झालं की आता तो एपिकवर, स्टीमवर वर्षभराने. ज्यांनी आधी बुक केला त्यांना स्टीमवर मिळाला हे खरं. एपिकवर भावही उतरवला, 60 चा 50 डॉलर, पण तो अमेरिकेत, युरोपातल्या गिऱ्हाइकाला होता तोच भाव. बॉर्डरलँड्स 3 तर अमेरिकेतही 60 डॉलरलाच विकला, सहा महिने फक्त एपिकवर, मग 2020 च्या मार्चमध्ये स्टीमवर आला. मग कमिशन कमी झाल्याचा मला काय उपयोग झाला ते तुमच्या लेखकाने सांगावं.

आणि पैसे केवढे ओतले ते बघा. एपिक आणि ॲपलचा जो मोठा खटला 2021 मध्ये चालला त्यात एपिकचे आतले कागद बाहेर आले, नाहीतर हे आपल्याला कधी कळलंच नसतं. बॉर्डरलँड्स 3 च्या व्यवहारात एपिकने 14.6 कोटी डॉलर कबूल केले होते, त्यातले 8 कोटी म्हणजे विक्रीची हमी. म्हणजे गेम चालला नाही तरी एवढे तुमचेच. कंट्रोल या गेमचा आकडा तर खटल्याच्याही आधी कळला होता, कारण प्रकाशकाची मूळ कंपनी इटलीची, शेअर बाजारात असलेली, तिने हिशेबात दाखवला, सुमारे 95 लाख युरो. एपिकने फुकट वाटलेल्या गेमचा आकडाही खटल्याच्या कागदांतलाच, पहिल्या नऊ महिन्यांत त्यावर 1 कोटी 16 लाख डॉलर गेले. हे पैसे एपिकच्याच फोर्टनाइट या गेमचे, म्हणजे जगभरच्या पोरांनी आईबापांच्या कार्डावरून विकत घेतलेल्या कपड्यांचे आणि नाचांचे. (आमच्या भाच्याचेही त्यात आहेत, बहिणीला विचारा.)

मला राग कशाचा येतो तर फिनिक्स पॉइंट आणि शेनम्यू 3 सारख्या प्रकरणांचा. हे गेम लोकांनी वर्गणी काढून उभे केले होते, स्टीमवर देऊ असं सांगून पैसे घेतले होते. पुढे 2019 मध्ये दोन्ही एपिककडे गेले. पैसे परत द्यायची तयारी दाखवली ते ठीक, पण देवळाच्या जीर्णोद्धाराला गावाने वर्गणी द्यायची आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कळायचं की आत जायचा दरवाजा आता कुणा तिसऱ्याच्या अंगणातून आहे, याला काय म्हणायचं!

उलट ॲलन वेक 2 बद्दल माझी काही तक्रार नाही. तो गेम बनवायलाच एपिकने पैसे घातले, प्रकाशक तेच, 2023 च्या ऑक्टोबरात आला, स्टीमवर नाही. नसेना का. ज्याने पैसे घातले त्याने आपल्या दुकानात विकावा, वाल्व्ह तरी आपले पीसीवरचे गेम दुसऱ्या ऑनलाइन दुकानात कुठे विकते? तो गेम बनवणाऱ्या कंपनीला खर्च वसूल व्हायला वर्षाहून जास्त लागलं, तो त्यांचा धंदा. फरक एवढाच की तयार झालेला, जाहिरात झालेला, लोकांनी विशलिस्टमध्ये टाकून ठेवलेला माल ऐनवेळी उचलणं वेगळं आणि नवीन माल पैदा करणं वेगळं. तुमच्या लेखात दोन्ही एकाच टोपलीत टाकलेत.

बरं हे सगळं लांबचं वाटत असेल तर जवळचं सांगतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने राजी नावाचा गेम केला, आपल्या पुराणातल्या गोष्टींवरचा, भिंतीवरच्या नक्षीपासून सगळं आपलं. 2020 च्या ऑगस्टमध्ये तो पहिल्यांदा आला निंटेंडो स्विचवर, जे यंत्र भारतात कंपनीने अधिकृतपणे विकायलाच ठेवलं नव्हतं! पीसीवर आला ऑक्टोबरात. दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळत नाही, आणि छोट्या स्टुडिओला अशा करारातून आधार मिळत असेल तर मी समजू शकतो, पण पुण्यात बनलेला गेम पुण्याच्या नि फोंड्याच्या पोरांनी परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून आधी ओळखायचा हा प्रकार जरा टोचतोच.

आता स्टीमवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. स्टीमच्या भक्तांना आज आठवत नाही पण 2004 मध्ये हाफ-लाइफ 2 ची सीडी दुकानातून पैसे मोजून आणली तरी स्टीम टाकल्याशिवाय आणि इंटरनेट जोडल्याशिवाय गेम सुरू होत नव्हता, तेव्हा लोकांनी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या एपिकला पण मिळाल्या नसतील. 2021 पासून अमेरिकेत वॉल्फायर या छोट्या गेम कंपनीने वाल्व्हवर खटला भरलाय. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या कमी कमिशनच्या दुकानात गेम स्वस्त विकायला गेलो तर वाल्व्ह अडवते. वाल्व्हला ते मान्य नाही, पण 2024 च्या नोव्हेंबरात कोर्टाने तो खटला सगळ्या गेम विकणाऱ्यांच्या वतीने चालवायला परवानगी दिली. वॉल्फायरचं म्हणणं खरं निघालं तर माझे ते 540 रुपये कुठे अडकले याचं अर्धं उत्तर तिथे आहे, कारण मग एपिकवर भाव उतरवायची भीती कंपन्यांना स्टीममुळेच होती असा अर्थ होतो. आणि 2021 मध्येच युरोपियन कमिशनने वाल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून 78 लाख युरो दंड केला, एका देशात घेतलेला गेम दुसऱ्या देशात चालू नये म्हणून कुलूप लावल्याबद्दल. तेव्हा इथे साधुसंत कुणी नाही.

तरीपण एक गोष्ट. स्टीम लोक सोडत नाहीत ते काही नुसत्या सवयीने नाही. तिथे लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू असतात, मी गेम घ्यायच्या आधी शिव्या घातलेलेच रिव्ह्यू आधी वाचतो, माझ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर चालेल की नाही ते तिथेच कळतं. एपिकच्या दुकानात तर 2021 संपता संपता शॉपिंग कार्ट आलं, तोवर तीन वर्षं एकेक गेम वेगवेगळा पैसे भरून घ्या! लिहिलेले रिव्ह्यू तर तेव्हाही नव्हते. एवढे करोडो डॉलर गेम अडवण्यात घालण्यापेक्षा थोडे दुकान नीट करण्यात घातले असते तर आमच्यासारखे आपणहून गेले असते. एपिकचे प्रमुख टिम स्वीनी यांनी 2019 च्या एप्रिलमध्ये म्हटलं होतं की स्टीमने गेम विकणाऱ्या सगळ्यांना विक्रीतले कायमचे 88 टक्के दिले तर आम्ही एक्सक्लुझिव्हचा, म्हणजे गेम फक्त आपल्याच दुकानात ठेवायचा, नाद सोडू. ऐकायला छान, पण त्यात गिऱ्हाईक कुठेच नाही, ते 88 टक्के पण प्रकाशकाचेच. ईए, युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपन्या मोठ्या तोऱ्यात स्टीम सोडून गेले होते, ईए 2019 मध्ये परत आली, युबिसॉफ्ट 2022 च्या शेवटी. का आले? गिऱ्हाईक तिथे होतं म्हणून.

आणि आमचा रोजचा ताप वेगळाच. माझ्या पीसीवर आता इतके लाँचर (प्रत्येक दुकानाचं गेम सुरू करायचं सॉफ्टवेअर) आहेत की सुरू केला की सगळे एकदम जागे होतात, प्रत्येकाला अपडेट पाहिजे, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की अर्ध्यावर आलेलं डाउनलोड कुठून परत सुरू होईल ते त्या लाँचरच्या मर्जीवर. भाचा एपिकवर, मी स्टीमवर, काही गेममध्ये एकत्र खेळता येतं, काहींत नाही, ते घेतल्यावर कळतं. रॉकेट लीगचं तर असं झालं की एपिकने तो गेम बनवणारी कंपनीच विकत घेतली, 2020 मध्ये गेम फुकट केला आणि त्याच वेळी नवीन माणसाला स्टीमवर मिळायचा बंद झाला, माझ्याकडे आधीचा म्हणून माझा चालतो. एका दुकानात (नाव घेत नाही) माझे यूपीआयने पैसे कापले गेले, गेम लायब्ररीत आला नाही, कस्टमर केअरवाले नुसती तीच तीच ठरलेली उत्तरं पाठवत राहिले, पैसे शेवटी बँकेतून परत आले पण तोवर सेल संपला होता. स्टीमवर तो गेम असता तर मी तिकडे गेलोच नसतो. दुसरं दुकान नसलं की गिऱ्हाइकाचं हे असं होतं.

एपिकचे फुकटचे गेम मी घेतो, दर गुरुवारी घेतो, नाही म्हणायला मी काय वेडा नाही. 2020 च्या मे महिन्यात जीटीए 5 फुकट दिला तेव्हा त्यांचं दुकानच आडवं झालं होतं, त्या गर्दीत मीही होतो. पण लायब्ररीत साठलेल्या त्या ढिगातले किती खेळलो ते विचारू नका.

आपल्याकडे कॉम्पिटिशन कमिशनने 2022 च्या ऑक्टोबरात गुगलला प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून 936 कोटींचा दंड ठोठावला, पुढे अपिलात तो कमी झाला. मोबाईलच्या ॲप स्टोअरवर एवढी चर्चा होते, पीसी गेमच्या दुकानांकडे मात्र कुणी बघत नाही, पोरांचा खेळ म्हणून सोडून देतात. करार करू नका असं मी म्हणत नाही. एकदा एका दुकानात विक्रीला लावून आगाऊ पैसे घेतले की तो गेम तिथून काढता येणार नाही, आणि कमिशन कमी असलेल्या दुकानात भाव कमी ठेवायला कुणी कुणाला अडवू शकणार नाही, एवढ्या दोन गोष्टी जरी नियमात आल्या तरी पुरे.

आणि तुमच्याकडे एक विनंती. पुरवणीत दर आठवड्याला या आठवड्यातले फुकट गेम अशी चौकट असते, ती चालू ठेवा, आमच्याकडे कात्री घेऊन वाट बघणारे आहेत. फक्त नवीन गेमची माहिती छापता तेव्हा तो कुठल्या दुकानात अडकलाय, किती महिन्यांसाठी, दुसऱ्या दुकानात रुपयात भाव काय आणि मित्र दुसऱ्या दुकानातला असेल तर एकत्र खेळता येतं का, एवढं शेजारी बारीक अक्षरात टाका. जागा कमी पडली तर राशिभविष्य थोडं आखडतं घेतलं तरी चालेल, वडिलांना मी समजावतो.

आपला,
एक वाचक
कुर्टी, फोंडा