वेबपानावरच्या भेटींचा आकडा प्रामाणिक असावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या परिचयातील अनेक ज्येष्ठ मंडळींनी अलीकडे स्वतःची छोटी संकेतस्थळे उभारली आहेत. कोणी कुलवृत्तान्त मांडला आहे, कोणी सह्याद्रीतल्या भटकंतीची छायाचित्रे, तर कोणी गाण्याच्या बैठकींच्या आठवणी. कोथरूडमधल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात या कामाची तांत्रिक बाजू मी सांभाळतो. पान तयार झाले की पहिली मागणी हमखास एकच असते, ती म्हणजे पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा दिसला पाहिजे. ही मागणी रास्तच आहे, कारण आपले लिखाण कोणी वाचते की नाही हे जाणून घ्यावेसे प्रत्येकाला वाटते. मात्र तो आकडा नेमके काय मोजतो आणि तो मोजणारा कोण, याची चौकशी न करता काउंटर लावला जातो. त्यात लिहिणाऱ्याची दिशाभूल होते आणि वाचकाची माहिती परक्या हाती जाते, म्हणून हे पत्र.

काउंटरची रचना मुळात अगदी साधी आहे. अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत १९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत तयार झाली आणि वेबपान मागवले जाताच सर्व्हरवर, म्हणजे पाने साठवून वाचकाकडे पाठवणाऱ्या संगणकावर, एखादा छोटा प्रोग्राम चालवणे शक्य झाले. सुरुवातीच्या काउंटरांपैकी बरेचसे याच पद्धतीवर चालत. प्रोग्रामने एका फाइलमधला आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, नवा आकडा परत लिहायचा आणि अंकांची चित्रे जोडून पानावर दाखवायची, एवढेच ते काम. यातही एक बारकावा आहे. समजा फाइलमध्ये ४३१२ हा आकडा आहे आणि दोन वाचक एकाच क्षणी आले. दोघांसाठी चाललेल्या प्रोग्रामांनी ४३१२ वाचले आणि दोघांनीही ४३१३ लिहिले, तर एक भेट हरवली. म्हणून एकाचे लिहून होईपर्यंत दुसऱ्याला थांबवून ठेवण्यासाठी फाइलला कुलूप घालावे लागते. ही काळजी न घेतलेल्या काउंटरची फाइल गर्दीच्या वेळी रिकामी होऊन मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत.

याहून मोठा घोळ ‘हिट’ मोजण्यात होतो. ब्राउझरने सर्व्हरकडे मागितलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. सिंहगडाच्या २० छायाचित्रांचे एखादे पान उघडले, तर मूळ पानाची एक, सजावटीच्या फाइलची एक आणि छायाचित्रांच्या वीस, अशा बावीस हिट्स एकट्या वाचकाच्या नावावर जमा होतात. उद्या त्याच पानावर आणखी दहा छायाचित्रे चढवली, तर वाचक एकही न वाढता हिट्स मात्र बत्तीस होतील. एखादे गणेश मंडळ किंवा संस्था ‘आमच्या संकेतस्थळाला लाखो हिट्स मिळाल्या’ असे अभिमानाने सांगते, तेव्हा त्यातून वाचकांच्या संख्येबद्दल काहीच कळत नाही.

पानाच्या भेटी मोजल्या तरी प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. वाचकाने पान पुन्हा लोड केले की साधा काउंटर पुढे सरकतो. उलट ब्राउझरने स्वतःजवळ साठवलेली प्रत दाखवली, तर तीच भेट मोजणीतून निसटते. एकाच वाय-फायवरचे चौघांचे कुटुंब बाहेरून एकाच आयपी पत्त्याचे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच ओळख-क्रमांकाचे, दिसते, मोबाइल कंपन्या तर असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, आणि तोच माणूस सकाळी फोनवरून व संध्याकाळी संगणकावरून आला तर दोन माणसे ठरतो. शिवाय शोधयंत्रांचे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, रात्रंदिवस पाने चाळत असतात. गूगलबॉटसारखे काही आपली ओळख सांगतात, त्यामुळे त्यांना वगळता येते, पण ब्राउझर असल्याचे सोंग घेणारेही पुष्कळ आहेत. नव्या, कोणालाही ठाऊक नसलेल्या पानाचा आकडा पहिल्याच आठवड्यात वाढू लागला, तर त्यात यंत्रांचा वाटा मोठा असण्याची शक्यता अधिक.

मला सर्वांत जास्त खटकतात ते ‘फुकट काउंटर’. एखाद्या संकेतस्थळावरून दोन ओळींचा कोड उचलायचा, आपल्या पानात चिकटवायचा, की आकडा दिसू लागतो. पण तो आकडा परक्या सर्व्हरवरून येतो. साहजिकच आपल्या वाचकाचा ब्राउझर प्रत्येक भेटीत त्या सर्व्हरकडेही जातो आणि वाचकाचा आयपी पत्ता, त्याच्या ब्राउझरची माहिती व बहुतेक वेळा तो कोणत्या संकेतस्थळावर आहे हेही तिथे पोहोचते. तोच काउंटर हजारो संकेतस्थळांवर असेल, तर कुकीच्या, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या खुणेच्या, आधारे एकाच वाचकाचा माग या सर्व ठिकाणी अनेकदा काढता येतो. आपल्या आजारपणाचे अनुभव लिहिणाऱ्या माणसाच्या पानावर कोण येते, हे तिसऱ्याच कोणाला कळण्याचे काय कारण? एका परिचितांच्या पानावरचा काउंटर मी तपासला, तेव्हा आकड्याखाली पार्श्वभूमीच्याच रंगात, नजरेला न दिसणाऱ्या बारीक अक्षरांत, त्यांच्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या दुकानांच्या लिंक दडवलेल्या होत्या. त्यांना याची गंधवार्ताही नव्हती. फुकटात मिळालेल्या आकड्याची किंमत त्यांच्या संकेतस्थळाची पत देऊन वसूल केली जात होती.

यावर उपाय अवघड नाही. होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवरची जागा, पैसे देऊन घेतले असेल, तर स्वतःच्याच सर्व्हरवर पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा-पंधरा ओळींचा, फाइलला कुलूप घालणारा काउंटर सहज लिहिता येतो. तेवढेही नको असेल, तर सर्व्हरची नोंदवही असतेच. तिच्या प्रत्येक ओळीत वाचकाचा आयपी पत्ता, दिनांक व वेळ, मागितलेली फाइल, ती मिळाली तर २०० आणि न मिळाली तर ४०४ असा क्रमांक, वाचक आधी कोणत्या पानावर होता आणि त्याचा ब्राउझर कोणता, हे सारे लिहिलेले असते. अनेक होस्टिंगवर एडब्ल्यूस्टॅट्स किंवा वेबालायझर हे प्रोग्राम या नोंदींचा तक्ता तयार करून देतात. लेखकाला स्वतःपुरते जाणून घ्यायचे असेल, तर हा तक्ता काउंटरपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण कोणते पान वाचले गेले आणि कोणत्या तुटलेल्या लिंकवर वाचक अडकले हे त्यातून समजते. मात्र या नोंदींत वाचकांचे पत्ते असल्याने ठराविक काळानंतर त्या पुसून टाकाव्यात. ज्या मोफत होस्टिंगवर आपला प्रोग्राम चालवताच येत नाही, तिथे पानावर आकडा दाखवण्याचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा दाखवायचाच असेल, तर तो चित्राऐवजी साध्या मजकुरात आणि मराठी पानावर देवनागरी अंकांत असावा. युनिकोड या संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत हे अंक आहेतच, आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचनयंत्र मजकूर वाचू शकते, तर चित्रातला आकडा त्याला सहसा कळत नाही. शेजारी ‘अमुक दिनांकापासून, पानाच्या भेटी, ओळख सांगणारे बॉट वगळून’ एवढी एक ओळ अवश्य लिहावी. प्रारंभीची तारीख नसलेल्या आकड्यातून वाचकाला काहीही बोध होत नाही, आणि नवे पान भारदस्त दिसावे म्हणून मोजणी एकदम ५००० पासून सुरू करण्याची जी पद्धत काहींनी पाडली आहे, ती तर सरळ फसवणूक आहे.

पुण्यात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी व खासगी क्लासेसनी पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात असा काउंटर करून घ्यावा, ही विनंती. एकाच फाइलवर दोघे एकदम लिहू लागले तर काय होते, हे विद्यार्थ्याला त्यातून चटकन कळेल. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. एखाद्या संकेतस्थळाच्या लोकप्रियतेची बातमी छापताना दिलेला आकडा हिट्सचा आहे, पानांच्या भेटींचा आहे की वेगवेगळ्या वाचकांचा, आणि तो किती काळातला आहे, हे वार्ताहरांनी संबंधितांना विचारावे व बातमीत नमूद करावे.

कळावे,
आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे