शुभास, टोकियोतल्या निशि-कासाईहून

प्रिय शुभा,
सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, गुडघा अधूनमधून बोलतो तेवढेच; ह्यांचा रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आहे. पत्राचे कारण माझी भाची मुक्ता. ही गोष्ट तिच्या आईला, म्हणजे ताईला, सांगण्याची सोय नाही, ह्यांना सांगून उपयोग नाही, आणि तुला सोडून इतर कोणापाशी बोलले तर 'मुलगी गाणी ऐकते, त्यात काळजी कसली?' असेच ऐकावे लागेल.

मुक्ताचे आणि त्या मुलाचे संपले. तो बदली घेऊन ओसाकाला गेला आणि हळूहळू उत्तरे देईनासा झाला. भांडण नाही, निरोपही नाही. मुक्ता चकार शब्द काढत नाही. कामावर वेळेवर जाते, चार घास जेवते, ताईशी व्हिडिओ कॉलवर हसून बोलते. केस मात्र मानेपर्यंत कापून आली. प्रेम मोडले की मुली केस कापतात हा इथला जुना संकेत तुला ठाऊक आहेच. ताई 'अगं, किती गोड दिसतेस' म्हणाली आणि मला तिथे उभे राहवेना. रात्री मुक्ताच्या खोलीतून प्रेमभंगाची जपानी गाणी ऐकू येतात. मराठी गाणे लावले असते तर फोनवरच्या आईने लगेच ओळखले असते. जपानीत तिला कोणाच्या नजरेत न येता दुःख करता येते. या घरात त्या गाण्यांचे शब्द कळणारी मी एकटीच आहे, हे ती जाणते, आणि म्हणून मला वाटते की त्यातली काही गाणी ती माझ्यासाठीही लावते.

सुरुवातीला मी घाबरले नव्हते. पहिले काही दिवस उताडा हिकारूचे 'फर्स्ट लव्ह' चालू होते. तो अल्बम १९९९ च्या मार्चमध्ये आला तेव्हा उताडा सोळा वर्षांची होती, आणि त्याच्या ७० लाखांहून अधिक प्रती एकट्या जपानात खपल्या, म्हणजे मुक्ताच्या ऑफिसातल्या निम्म्या बायका त्या गाण्यावर रडून मोठ्या झाल्या असतील. शेवटच्या चुंबनाची तंबाखूची कडू चव सांगून ते सुरू होते, पण नवे गाणे गाता येईपर्यंतच आपण दुःखाचे गाणे आहोत, अशी मुदत ते स्वतःला घालून घेते. मुदत घातलेल्या दुःखाची मला भीती वाटत नाही.

पुढे एन्का, म्हणजे ती जुन्या वळणाची जपानी भावगीते, सुरू झाली आणि माझी झोप उडाली. मियाको हारुमीचे 'किता नो यादो कारा' तुला आठवत असेल. १९७६ चा जपान रेकॉर्ड अवॉर्ड त्यालाच मिळाला होता. उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत एका मुक्कामाच्या खोलीत बसून ती बाई स्वेटर विणते आहे, आणि ज्याच्यासाठी विणते तो माणूस तो कधीही अंगात घालणार नाही हे तिला माहीत आहे. शुभा, त्या मुलाचा हिवाळी कोट मुक्ताकडे राहिला आहे. परवा तिने तो लॉन्ड्रीतून धुऊन आणला, प्लास्टिकचे आवरण न काढता आपल्या कपाटात टांगला आणि पावती नीट घडी करून त्याच्या खिशात ठेवली. मी दारात उभी होते. त्या क्षणापासून ते गाणे लागले की माझ्या पोटात गोळा येतो.

ज्या आकु यू यांनी ती स्वेटर विणणारी बाई लिहिली, त्यांनीच 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि' लिहिले. १९७७ साली ते इशिकावा सायुरीने गायले तेव्हा तिने विशीही गाठली नव्हती. उएनोहून रात्रीच्या गाडीने निघालेली ती बाई आओमोरीला बर्फात उतरते, गारठलेले समुद्रपक्षी पाहत एकटी बोटीवर चढते आणि रडते. १९८८ मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाल्यावर ती बोटसेवाच बंद झाली, पण गाणे अजून जिवंत आहे, आणि मला त्याचे कारण असे वाटते की ती बाई निदान निघालेली तरी आहे. मुक्ता हे गाणे कधीच लावत नाही. ती स्वेटरवालीपाशीच थांबली आहे. पुरुषांनी लिहिलेल्या त्या सोशिक, वाट पाहणाऱ्या बाया मला तेव्हाही सोसत नव्हत्या. आज माझ्या भाचीच्या खोलीत त्यांचा मुक्काम पडला आहे, हे मला खरोखर सहन होत नाही.

आता तू म्हणशील, 'अनघा, तुझे पुन्हा तेच.' सिंहगड रस्त्यावरच्या बागेतले आपले भांडण मी विसरलेले नाही. कांजी, ती जपानी चित्राक्षरे, पाठ करायला म्हणून आपण तिथे जात होतो आणि तू वहीत नाकाजिमा मियुकीच्या 'वाकारे-उता' या विरहगीताचे शब्द उतरवून काढत बसायचीस. मियुकी स्वतः लिहिते, स्वतः गाते, तिच्या बाईला कोणाची दया नको असते, हे तुझे म्हणणे मला मान्यच होते. 'आकुज्यो'मधली बाई तर त्याने आपल्याला निःशंक मनाने सोडावे म्हणून आपण वाईट असल्याचे सोंग आणते. त्या गाण्यापुढे मी आजही हात जोडते. पण मी तुला 'गेन्कि ओ दाशिते' ऐकवले आणि तू भडकलीस. ताकेउची मारियाने ते १९८४ मध्ये याकुशिमारु हिरोकोसाठी लिहिले, १९८७ मध्ये स्वतः गायले, आणि त्यात एक मैत्रीण रडणाऱ्या मैत्रिणीची समजूत घालते. 'जिचे काही हरवलेले नाही तिने मला समजावू नये,' असे तू इतक्या मोठ्याने म्हणालीस की तळ्याकाठचा माळी काम थांबवून आपल्याकडे पाहू लागला, आणि तू त्यालाही 'काय बघता काका?' विचारून मोकळी झालीस! ते गाणे चांगलेच आहे, हे माझे मत अजून तसेच आहे.

मागच्या रविवारी मुक्ताच मला म्हणाली, 'मावशी, काराओकेला येतेस?' आपली ती बाग जपानातल्या ज्या ओकायामाच्या मैत्रीखातर उभी राहिली, त्याच ओकायामात १९८५ साली मालवाहू कंटेनरात काराओकेची पहिली खोली निघाली, हे तुला तेव्हा ठाऊक असते तर तू मला तिथल्या तिथे गायला लावले असतेस. आमची खोलीही कंटेनरापेक्षा फार मोठी नव्हती. मुक्ताने टॅब्लेटवर गाणे शोधले ते ओता हिरोमीचे 'मोमेन नो हान्काचीफु', १९७५ चे. मुलगा शहरात जातो, तिथून लिहितो, भेट पाठवतो, सुटातला फोटो पाठवतो. गावातली मुलगी त्याला सांगत राहते की मला काही नको, तू शहरासारखा होऊ नकोस. शेवटच्या कडव्यात तो परत येणार नसल्याचे सांगून क्षमा मागतो, आणि ती पहिल्यांदाच काही मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल. हे शब्दही पुरुषाचेच, मात्सुमोतो ताकाशींचे आहेत, आणि तरीही ही मुलगी मला मनापासून आवडते.

पडद्यावर सुरांच्या पट्ट्या सरकत होत्या. तीन कडवी मुक्ताने अगदी नेटकी गायली, एकही पट्टी चुकवली नाही. चौथ्यात तिचा आवाज बंद झाला आणि माइक हातात धरून ती नुसती शब्दांकडे बघत राहिली. संगीत आपले चालूच. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला, दहा मिनिटे उरली, वेळ वाढवायची का, असे विचारायला. मी वाढवून घेतली. फोन ठेवला तेव्हा ती म्हणाली, 'मावशी, तिला निदान मागता तरी आले.'

तेव्हा माझ्या लक्षात आले की तिची ही सारी गाणी ज्या जागी संपतात, ती जागा तिला मिळालेलीच नाही. ताकेउची मारियाच्या 'एकि' (स्टेशन) या गाण्यातल्या बाईला दोन वर्षांनी तो स्टेशनवर दिसतो, ती शेजारच्या डब्यातून त्याचा चेहरा पाहते आणि आपल्या घरी परतते. कारण त्यांचे संपले होते, हे दोघांनाही माहीत असते. मुक्ताला कोणी संपले म्हणून सांगितलेच नाही. चौथे कडवे न आलेल्या मुलीने विणत बसण्याखेरीज करावे तरी काय? 'त्याला फोन कर आणि स्पष्ट विचार,' असे सांगावे, तर तो उचलणार नाही आणि तिला दुसऱ्यांदा तेच भोगावे लागेल, ही धास्ती. काही न सांगावे, तर तो कोट.

म्हणून तुला लिहिते आहे. तुझाही असाच काही न बोलता निघून गेला होता. त्यानंतर 'वाकारे-उता' ऐकणारी तू एके दिवशी वर्गात मियुकीचेच 'जिदाइ', हेही दिवस सरतील असे सांगणारे गाणे, गुणगुणत आलीस, ते मला लख्ख आठवते. मधल्या दिवसांत काय घडले ते मी कधी विचारले नाही. ते मुक्ताला सांग. समजूत घालू नकोस, तेवढे मी इथे करतेच आहे. फक्त तू काय केलेस ते लिही. मी समजावले तर तू मला जे उत्तर दिलेस तेच ती मनात देईल. तुला तसे कोणी म्हणू शकणार नाही.

अर्णवच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे काय झाले ते कळव. काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे ताईकडून समजले, बरे वाटले. तुझ्या बदलीच्या अर्जाचे पुढे काय?

मुक्ताला पत्रच पाठव, ईमेल नको; ईमेल ती ऑफिसात उघडील आणि लगेच बंद करील. जपानीत लिहिलेस तर अधिक बरे. मी सांगितले म्हणून लिहिते आहेस हे तिला कळले तरी हरकत नाही, पण कोटाचा उल्लेख करू नकोस.

तुझी,
अनघा